ती पटाशी मीच खराब केली होती, काका

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. पण समोरासमोर आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा करून पाहिला. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, "तो दहाचा पाना दे." दुसऱ्या वेळी सरळ ग्राइंडरच सुरू केलात. कागदावर तुम्हाला ग्राइंडर लावता येत नाही, म्हणून हा मार्ग.

शिवाय एक कबुली द्यायची आहे. ती शेवटी घालणार होते, पण कौतुक सुरू झालं की तुम्ही वाचायचं सोडून देणार. तेव्हा आधीच सांगून टाकते. लाकूड तासायच्या तुमच्या पाऊण इंची पटाशीच्या धारेला खाच पाडली ती मी. रंगाचा डबा उघडायचा होता, स्क्रू ड्रायव्हर सापडेना, पटाशी हाताशी होती. झाकणाखाली घातली आणि उचकटली. टक् झालं आणि डाव्या कोपऱ्यातून नखाच्या टोकाएवढा तुकडा उडाला. मी ती पुसली आणि गुपचूप तुमच्या पेटीत जागच्या जागी ठेवून दिली.

पुढचं पुढे. आधी मोटरसायकल.

तो शनिवार तुमच्या लक्षात आहे का माहीत नाही. मला तर त्याचा वाससुद्धा आठवतो, शिळ्या पेट्रोलचा. आठ महिने उभी असलेली ती जुनी जपानी गाडी चोक दिला की सुरू व्हायची आणि चोक काढला की बंद पडायची. मी चार व्हिडिओ बघून कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारा भाग, खोलला होता आणि फरशीवर पसरलेल्या पितळेच्या चिमुकल्या भागांकडे बघत बसले होते. तुम्ही शेजारच्या गॅरेजमधून आलात, हात पाठीमागे बांधून उभे राहिलात आणि विचारलंत, "स्क्रू कुठे आहेत?" मी वाटी दाखवली. सगळे एकत्र. तुम्ही बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिलात. तुम्ही तेव्हा परत जायच्या विचारात होतात अशी मला अजून शंका आहे.

पण गेलात ते पुठ्ठा आणायला. त्यावर कार्ब्युरेटरची ओबडधोबड आकृती मला काढायला लावलीत आणि एकेक स्क्रू त्याच्या जागी टोचायला सांगितलंत. तीन स्क्रूंची जागा मला सांगता आली नाही. "मग लावून बघ. नुसत्या बोटांनी जाईल तेवढाच. अडला तर तो तिथला नाही." एवढंच बोललात. या वाक्याची किंमत मला पुढे इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलं तेव्हा कळली. तिथले स्क्रू दिसायला सगळे भाऊभाऊ, पण लांबीला वेगवेगळे. आखूड भोकात लांब स्क्रू गेला तर तो तळाला टेकतो, आणि आपण आवळतच राहिलो तर ॲल्युमिनियमला तडा जातो. लांब स्क्रूच्या जागी आखूड लावला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा ताण येतो आणि आटे निघून येतात. आता माझ्या गॅरेजच्या भिंतीवर असे सहा पुठ्ठे टांगलेले आहेत. पाहुण्यांना ती चित्रकला वाटते.

गाडीला झालंय काय, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. "जेट उजेडाला धर," म्हणालात. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा. मेन जेटमधून उजेड आला. आयडलिंगच्या, म्हणजे गाडी उभ्या उभ्या चालू ठेवणाऱ्या जेटमधून काळोख. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक ते भोक, पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहिलेल्या चिकट थराने पार बुजलेलं. चोकमुळे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून तेवढ्यापुरती गाडी तग धरायची. आठ महिने मी बॅटरीला, प्लगला आणि नशिबाला बोल लावत होते! मी लगेच बारीक तार शोधायला उठले, आणि तेव्हा पहिल्यांदा तुमचे हात पाठीमागून पुढे आले, मला अडवायला. पितळ मऊ. पोलादी तारेने भोक मोठं होणार, आणि मोठं झालेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही. क्लीनरमध्ये भिजवायचं, हवेने फुंकायचं, परत उजेडाला धरायचं. तीनदा केलं. तिसऱ्यांदा टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला, अगदी गोल.

कार्ब्युरेटरवरचा मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच तळाला टेकेपर्यंत आत फिरवायचा आणि फेरे मोजायचे, म्हणजे बसवताना तितकेच फेरे बाहेर घेता येतात. हे अर्थातच मी केलं नव्हतं. "किती फेरे होते?" तुम्ही विचारलंत. "दोन असतील," मी म्हटलं. "असतील?" त्या एका शब्दाची मला इतकी धास्ती बसली आहे की आता मी फेरे मोजते, लिहून ठेवते आणि वर फोटोही काढते.

त्याच दिवशी माझा स्क्रू ड्रायव्हरही तुम्ही बाजूला ठेवायला लावलात. फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, दोन स्क्रूंची डोकी मी आधीच खरवडून टाकली होती आणि खापर गंजावर फोडत होते. फिलिप्सच्या फुलीच्या खाचेचं अमेरिकन पेटंट १९३६ सालचं. जपानी गाड्यांवरचे स्क्रू वरून अगदी तसेच दिसतात, पण त्यांची खाच जपानच्या स्वतःच्या मानकाप्रमाणे घडवलेली असते. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर सरकतं आणि जाताना खाच खाऊन जातं. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. तो ठिपका मी कित्येक वर्षं बघत होते आणि कारखान्यातल्या कुणाचा तरी निष्काळजीपणा समजत होते.

तुम्ही माझ्यावर ओरडलात ते एकदाच. चारचाकीचं ऑइल बदलायला मी नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरले होते. "बाहेर ये. आधी बाहेर ये, मग बोल." आवाज असा होता की मी पाना तिथेच टाकून सरपटत आले. तुम्ही काही समजावलं नाहीत. गाडीला तळहाताने हलकेच ढकललंत आणि जॅकच्या पायाखालून फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग तुमच्या त्या दोन घोड्या, गाडीला खालून आधार देणारे स्टँड, आणून चौकटीखाली लावल्यात, गाडी त्यांच्यावर टेकवलीत, पुन्हा ढकललीत. ती हलली नाही. तेव्हा कुठे मला पाना परत मिळाला. जॅकचं काम उचलण्याचं, धरून ठेवण्याचं काम घोडीचं. या एका गोष्टीसाठी आभाराचं वेगळं पत्र लिहायला हवं खरं तर. तेलाच्या चिंध्यांचंही तसंच. जवसाचं तेल लावून झाल्यावर मी फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला होता. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळ्यातून ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. मला ही भाकडकथा वाटली होती. तुम्ही निमूटपणे तो बोळा उचललात, फडकी ओली केलीत आणि बाहेर एकेक पसरून ठेवलीत.

लाकडाच्या बाबतीत मात्र माझी थोडी तक्रार आहे. तिथे तुम्ही मला मुद्दाम चुकू दिलंत.

फळ्यांच्या लांबीचं मी समजू शकते. पहिल्या कपाटाच्या वेळी मी लांब फळीवर एकापुढे एक सगळी मापं आखली आणि कापत सुटले. प्रत्येक तुकडा आधीच्याहून नकटा. करवतसुद्धा लाकूड खाते, प्रत्येक काप दोन-तीन मिलिमीटर गिळतो, म्हणून आधी एक माप आखायचं, रेषेच्या टाकाऊ बाजूने कापायचं आणि मगच पुढचं माप घ्यायचं. ही चूक सगळेच एकदा करतात. पण टेबलाचं काय? पाच फळ्या सरसाने जोडून मी केवढ्या हौसेने टेबलाचा वरचा भाग केला होता. दोन्ही कर्ण मोजले, सारखे आले, चौकट काटकोनात. तुम्ही येऊन बघितलंत आणि विचारलंत, "सगळे स्क्रू असेच घट्ट आवळणार?" मी म्हटलं, "हो, म्हणजे हलायला नको." तुम्ही म्हणालात, "बरं."

ते "बरं" मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

काही महिन्यांनी फळी मधोमध उभी उकलली. कापलेलं लाकूड मेलेलं नसतं, हवेतल्या ओलाव्याबरोबर ते फुगतं आणि आकसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. ओल्या लाकडापासून पार वाळेपर्यंत लांबीत फरक पडतो साधारण ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे नसल्यातच जमा. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने मात्र तोच फरक कित्येक जातींत ८ टक्क्यांच्या आसपास असतो. घरात वावरणाऱ्या टेबलात तो पुष्कळ कमी, पण शून्य कधीच नाही. मी त्या रुंदीला दोन्ही कडांना स्क्रूने जखडलं होतं. आकसायला वाव नाही म्हटल्यावर ते मधेच तुटलं. तुम्ही चौकटीतली गोल भोकं कानशीने लांबट करून दाखवलीत, म्हणजे स्क्रू पकडून ठेवतो आणि तरी फळीला सरकायला जागा राहते. दहा मिनिटांचं काम. हे आधी सांगितलं असतंत तर टेबल वाचलं असतं, असं मी तेव्हा फणकाऱ्याने म्हणाले. तुमचं उत्तर: "सांगितलं असतं तर विसरली असतीस." आजही मला ते पूर्ण पटलेलं नाही. सांगितलं असतंत तरी मी लक्षात ठेवलं असतं, काका. पण ते टेबल मी टाकलेलं नाही. भेगेत पाचर भरून वापरते.

आता पटाशी. खाच पाडल्यानंतर तीन आठवडे मी तुमच्या पेटीच्या बाजूला फिरकले नाही. चौथ्या रविवारी तुम्ही स्वतःच हाक मारलीत. "आज धार लावायला शिकू." पेटीत सहा पटाश्या होत्या. तुम्ही बरोबर तीच उचललीत. उजेडात तिरकी धरलीत. पाठीवर निळ्या रंगाचा केसाएवढा ओरखडा होता, जो मला पुसताना दिसलाच नव्हता. तुम्ही तो अंगठ्याच्या नखाने खरवडून काढलात आणि पटाशी माझ्या हातात दिलीत. माझे कान तापले होते. मी वाट बघत होते की आता विचाराल. तुम्ही म्हणालात, "आधी खाच जाईपर्यंत धार मागे न्यायला लागेल. वेळ जाईल."

वेळ गेला. ग्राइंडरवर क्षणभर टेकवायची, लगेच पाण्यात, परत टेकवायची. कारण धार निळी पडली की पोलादाचा कडकपणा गेला. मग काचेवर चिकटवलेले वॉटर पेपर, एकाहून एक बारीक, २२०, ४००, १०००, २००० नंबरचे. आधी पाठ सपाट, आरशासारखी होईपर्यंत. मग २५ अंशांचा उतार, आणि टोकाला जेमतेम रेघेएवढा ३० अंशांचा. पाठीवरून बोट बाहेरच्या बाजूला फिरवलं की कडेला अगदी सूक्ष्म खरखर लागते, ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लागली म्हणजे त्या कागदाचं काम झालं. मला ती खरखर डाव्या कोपऱ्यात काही केल्या लागेना. तिथेच तर खाच होती. तुम्ही शेजारी बसून दुसरंच काहीतरी कानसत होतात. दीड तासाने ती लागली. मऊ लाकडाच्या आडव्या तोंडावर पटाशी चालवून बघितली, तर कागदासारखी पातळ साल निघाली आणि खालचं लाकूड चकाकत होतं.

तुम्ही ती साल उचलून बघितलीत आणि मान हलवलीत. मग कानस ठेवता ठेवता, कशाचा कशाला संबंध नसताना म्हणालात, "रंगाच्या डब्याचं झाकण पत्र्याचं असतं."

मी म्हटलं, "हो."

बस, एवढंच. मी "हो" म्हटलं, पण "मी केलं" म्हटलं नाही, आणि तुम्हीही ते वदवून घेतलं नाहीत. ते वाक्य इतके दिवस घशात अडकून होतं. पत्राच्या सुरुवातीला म्हणून टाकलं, आता बरं वाटतंय. पुठ्ठ्याबद्दल, उजेडाला धरलेल्या जेटबद्दल, घोड्यांबद्दल, अगदी त्या "बरं"बद्दलसुद्धा आभार. पण सगळ्यात जास्त आभार तो ओरखडा नखाने खरवडून पटाशी माझ्याच हातात दिलीत त्याबद्दल.

तुमचा एकोणीसचा पाना माझ्याकडेच राहिलाय, शनिवारी घेऊन येते. रंगाचे डबे उघडायला मी आता एक जुना चपटा स्क्रू ड्रायव्हर वेगळा ठेवलाय. त्यावर इतके रंग चढलेत की मूठ ओळखू येत नव्हती. काल सहज पॉलिश पेपरने घासली, तर खाली तुमच्या नावाची आद्याक्षरं निघाली. तोही आणते.

तुमची,
शेजारच्या गॅरेजमधली