खंडेनवमीला भिंतीवरची बंदूक काढण्याआधी

लँकॅस्टर, पेनसिल्व्हेनिया
भाद्रपद वद्य १०

ती. काका व सौ. काकू यांस,
सा. न. वि. वि.

घट बसायला पाच-सहा दिवस राहिले, म्हणून साध्या टपालाने न पाठवता हे मेलने पाठवतो आहे. छापून घ्या आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

खंडेनवमीला माजघरातली ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक खाली निघेल, पुसली जाईल, पोरं हातात घेतील आणि कुणीतरी घोडा ओढून चाप दाबून बघेल. त्याआधी ती रिकामी आहे याची खात्री करायची. ‘आजोबांनंतर कुणी बार भरलाच नाही’ ही खात्री नव्हे. कुणी भरला नाही, एवढ्यावरून आधीचा बार कुणी काढला होता असं ठरत नाही. काडतुसाची बंदूक मधून दुमडून उघडली की काडतूस हातात येतं. ठासणीच्या बंदुकीला ती सोय नाही, तिचा बार काढायचा सोपा मार्ग म्हणजे तो उडवणं. त्यामुळे ज्वारीच्या राखणीला नेलेली बंदूक रात्रभर काही आलं नाही तर भरलेलीच घरी येते आणि तशीच खुंटीवर चढते.

आणि दारू जुनी होऊन नासत नाही. काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. यातलं काहीच नुसत्या वयानं बिघडत नाही. नळी कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही ती पेटते, आणि सोलापूरची हवा कोरडीच. २०१३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातली अठराव्या शतकातली तोफ साफ करताना तिच्यात गोळा आणि सुमारे ८०० ग्रॅम दारू निघाली. पोलिसांचं बॉम्बपथक बोलवावं लागलं.

इथून तास-दीड तासावर गेटिसबर्ग आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या १८६३ च्या लढाईनंतर तिथल्या रणातून २७,५७४ बंदुका गोळा केल्याची नोंद आहे. त्यातल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. निम्म्यांत एकावर एक दोन बार आणि एकीत तर २३! गोंधळात बार उडाला की नाही हे कळत नाही, आणि माणूस वरून दुसरा ठासतो. बाहेरून बघून कुणालाच काही कळत नाही, हे यात मुख्य.

आता तपासायचं कसं, ते सांगतो. एका मोठ्या माणसानं करायचं, पोरं बाहेर.

खुंटीवरून काढण्याआधी विजेरी लावून घोड्याखाली बघा. घोडा ज्या बारीक नळकांड्यावर आपटतो, त्याच्यावर केप, म्हणजे तांब्याची चिमुकली टोपी, बसलेली आहे का? जुनी असेल तर हिरवट पडलेली असेल. असली तर तिथेच थांबा. केप आघातानं फुटते. घोडा तिच्यावर टेकलेला असताना बंदूक फरशीवर आपटली तरी बार उडू शकतो. स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला तर मुळीच जाऊ नका.

केप नसेल तर दोन्ही हातांनी उतरवा. तोंड जाड भिंतीकडे, माणसाकडे नाही. घोड्याला हात नाही. सतरंजीवर आडवी ठेवा. नळीत सहज जाईल अशी सरळ लाकडी काठी घ्या. लोखंडी गज नको, ठिणगीचा धोका नको. बाजूला बसून, तोंडासमोर हात वा डोकं न आणता, काठी हलकेच थांबेपर्यंत सरकवा. ठोकायची नाही. नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलची खूण करा, काठी बाहेर काढा आणि ती खूण तोंडाशी धरून नळीच्या बाहेरून तिला लावून ठेवा. काठीचं टोक त्या नळकांड्याच्या बुडापर्यंत आलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडे राहिलं तर आत काहीतरी आहे. आवाजही ऐका: रिकाम्या नळीत काठी लोखंडाला लागून टक् वाजते, भरलेलीत चिंधीच्या डाटावर थप्प अशी मुकी थांबते. कुंभारीण माशीचं मातीचं घर आत असलं तरीही काठी अलीकडेच थांबते. शंका आली तर भरलेली समजायची.

इथे नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम १९७४ पासून चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं बार पेटवणाऱ्या, ठासणी बंदुकांसाठी राखलेला आहे. त्या शिकाऱ्यांच्या गजावर दोन खुणा कोरलेल्या असतात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. तुमची काठीही अशीच खूण करून बंदुकीजवळ ठेवा. दरवर्षी एका मिनिटात उत्तर मिळेल.

भरलेली निघाली तर घरी उपाय करू नका. पाणी ओतून दारू मेली असं समजण्यात अर्थ नाही. अर्धवट भिजलेली वाळली की पुन्हा धोका तसाच, शिवाय नळी आतून गंजते. आणि बूड उघडायला लोहाराकडे तर चुकूनही नेऊ नका, तो आधी भट्टीत तापवेल. पोलीस ठाण्याला फोन करून सांगा. परवानाधारक बंदूक-कारागिराकडून बार काढून घेण्याची व्यवस्था त्यांच्याच मार्फत व्हावी. तोवर पूजेत ती नको, निरांजन आणि उदबत्ती तिच्यापासून लांब.

कागदांचं आताच बघा. पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसा उल्लेख आहे. पण परवाना आजोबांच्या नावाचा असेल तर तो वारसाहक्कानं आपोआप तुमचा होत नाही. कलम ४५ ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्यारालाच आहे, नुसत्या म्हाताऱ्या बंदुकीला नाही. आणि परवाना असला तरी नान्नजच्या माळावरचं काळवीट पिकात आलं म्हणून मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे. हे धाकट्याला स्पष्ट सांगा, गावाकडे अजून कुणी ना कुणी त्याला भरीस घालतंच.

रिकामी निघाली तर मग पुसायची. चिंच, राख, पॉलिश पेपर यांतलं काही नको. वरचा काळपट रंग तिचं वय सांगतो, तो घासला की परत येत नाही. मागावरची मऊ सुती चिंधी, शिलाई मशिनचं तेल, एवढं पुरतं. गंजावर तेल दोन दिवस मुरू द्या, मग तांब्याच्या पट्टीनं हलके खरवडा. तांबं लोखंडापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. नंबर आणि अक्षरं जिथे असतील तिथे काही घासायचंच नाही. दस्त्याला कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहातानं चोळा आणि जास्तीचं पुसून टाका. ती चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. अंगणात पसरून वाळवा.

ओलं कुंकू लोखंडाला नको, दस्त्याला एक बोट पुरे. झेंडूची माळ संध्याकाळी काढा, ओल धरते. खुंटीवर परत चढवण्याआधी एक रात्र तोंड खाली करून टेकवून ठेवा, म्हणजे नळीतलं तेल उतरून लाकडात मुरणार नाही.

घोड्याखालच्या पट्टीवरची अक्षरं आणि नंबर यांचा फोटो पाठवा, कुठली घडण आहे ते बघून कळवतो. केप दिसली तर मात्र फोटोही काढत बसू नका, आधी पोलिसांना फोन.

रूपाभवानीला माझाही नमस्कार सांगा.

आपला पुतण्या