हेडीस, पर्सेफोनी आणि तिची आई

प्रिय सुधा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली कादंबरीची पहिली प्रकरणे मिळाली. ग्रीक पुराणकथांतला पाताळाचा राजा हेडीस आजच्या शहरात एका आलिशान क्लबचा मालक म्हणून वावरतो आणि पर्सेफोनी आपणहून त्याच्या दारात जाते, ही मांडणी मला आवडली. अलौकिक प्रेमकथांच्या सध्याच्या लाटेत हे जोडपे वाचकांचे फार लाडके झाले आहे आणि त्याचे कारणही उघड आहे. जुन्या कथेत जिला कोणी काही विचारलेच नाही, तिची इच्छा या कादंबऱ्या विचारतात. मला बोलायचे आहे ते पर्सेफोनीच्या आईविषयी, धान्याची देवी डिमीटरविषयी. अशा बहुतेक कादंबऱ्यांप्रमाणे तुझ्याही लेखनात ती लेकीला कोंडून ठेवणारी, संशयी आणि हट्टी आई होऊन बसली आहे.

ही कथा ज्या जुन्या काव्यात सविस्तर आली आहे, ते मुळात या आईचेच काव्य आहे. ग्रीक महाकवी होमरच्या नावावर चालत आलेले, पण बहुधा इ.स.पू. 7व्या किंवा 6व्या शतकात रचलेले हे सुमारे 500 ओळींचे स्तोत्र कित्येक शतके विस्मृतीत गेले होते. 1777 मध्ये मॉस्कोत त्याचे हस्तलिखित हाती लागले आणि आज ते नेदरलँड्समधल्या लायडनला जपलेले आहे. त्यात पर्सेफोनी कुरणात फुले वेचत असते. तिला भुलवण्यासाठीच उगवलेल्या, एका मुळावर शंभर फुले आलेल्या नर्गिसाकडे ती दोन्ही हात पुढे करते, तोच जमीन दुभंगते आणि हेडीसचा रथ वर येतो. हे लग्न तिच्या बापाने, देवांचा राजा झ्यूसने, परस्पर ठरवलेले आहे. आईच्या कानावर काहीच नाही. लेकीच्या आक्रोशाचा प्रतिध्वनी डोंगरांतून आणि समुद्रातून तिच्यापर्यंत पोहोचतो आणि डिमीटर हातांत पेटत्या मशाली घेऊन, अमृतालाही न शिवता, 9 दिवस पृथ्वी पालथी घालते. पुढे ती म्हातारीच्या वेषात अथेन्सजवळच्या एल्युसिस गावी विहिरीजवळ बसते, तिथल्या राजघराण्यातले तान्हे मूल सांभाळते, आणि अखेर जमिनीतून एकही दाणा वर येऊ देत नाही. माणसे भुकेने मरणार आणि देवांचे नैवेद्य बंद पडणार अशी वेळ आली, तेव्हा कुठे झ्यूस नमला. या दुष्काळाला प्रेमात खोडा घालणाऱ्या आईचा थयथयाट ठरवलेले मी वाचते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. जात्यावरच्या ओव्यांतून लेकीला सासरी धाडणाऱ्या आयांचे मन आपल्याला ठाऊक आहे. निदान आपल्याला तरी डिमीटर परकी वाटू नये.

मूळ कथेला हात लावू नये, असे मी म्हणत नाही. तो ग्रीकांनीच लावला होता. दक्षिण इटलीतल्या लोक्री या ग्रीक वसाहतीत इ.स.पू. 5व्या शतकातल्या भाजक्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतल्या एकीवर पर्सेफोनी हेडीसशेजारी सिंहासनावर ताठ बसली आहे, तिच्या हातांत कोंबडा आणि धान्याची कणसे आहेत, आणि ती पुढे असल्यामुळे नवरा तिच्यामागे अर्धा झाकला गेला आहे. लोक्रीत ती विवाहाची देवता होती. तेव्हा तुझी राणी निराधार नाही.

हेडीससाठीही स्तोत्रात भरपूर सामग्री आहे. तिला परत पाठवण्याची आज्ञा आल्यावर तो चिडत नाही. त्याच्या भुवयांत हसू उमटते, तो तिला आईकडे जाण्यास सांगतो आणि इथे असशील तेव्हा साऱ्यांवर तुझी सत्ता चालेल, असे वचन देतो. आणि हे बोलून झाल्यावर गुपचूप डाळिंबाचा दाणा तिला खाऊ घालतो. इतका मृदू आणि इतका कावेबाज नायक तुला आयता मिळाला आहे. त्याला केवळ गैरसमज झालेला सज्जन करून टाकू नकोस. रोमन कवी ओविडच्या लॅटिन काव्यात मात्र ती बागेत फिरताना स्वतःच डाळिंब तोडते आणि 7 दाणे खाते. पर्सेफोनीने जाणूनबुजून दाणे खाल्ले, ही आजच्या लेखिकांची आवडती कलाटणी तिथून फार दूर नाही.

माझे मन अडकते ते मायलेकींच्या भेटीत. डिमीटर डोंगरावरून वेड्यासारखी धावत येते, लेकीला मिठी मारते आणि मिठीतच तिला शंका येऊन ती विचारते, खाली काही खाल्लेस का? स्तोत्रातली मुलगी सांगते की, त्याने बळजबरीने खायला लावले. पाताळातले अन्न खाल्ले की तिथे परतावेच लागते, म्हणून त्या एका दाण्यापायी तिच्या वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळाचा होतो. तरीही तो सारा दिवस दोघी एकमेकींचे दुःख हलके करत बसतात. एल्युसिसमध्ये सुमारे हजार वर्षे ज्या गुप्त दीक्षा दिल्या जात, त्या या दोन देवींच्या नावाने. हे नाते मोडूनच प्रेमकथा उभी करावी लागते, असे मला वाटत नाही.

तुझ्या कादंबरीत हा प्रसंग अजून यायचा आहे. तुझी पर्सेफोनी बळजबरीचे नाव घेऊ शकणार नाही. आईच्या तोंडावर तिला सांगावे लागेल की, मी ते माझ्या हाताने खाल्ले. त्यावर डिमीटर काय म्हणते, ते प्रकरण तू तिच्या बाजूने लिहावेस आणि लिहून होताच मला पाठवावेस, एवढी विनंती.

तुझी मैत्रीण