जाहिरातीत कूगर्स, पडद्यावर नाहीत: वार्षिक पॅकेजबाबत तक्रार

कोल्हापूर
दि. २० सप्टेंबर २०२४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या पॅकेजची दिशाभूल करणारी जाहिरात, रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

२० ऑगस्टला मी १,४९९ रुपये भरून तुमचं वार्षिक पॅकेज घेतलं. जाहिरातीत ‘पॅक-१२चे बाराही संघ थेट’ असं लिहिलेलं होतं (पॅक-१२ म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विद्यापीठ संघांची लीग) आणि त्यातल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचं बोधचिन्हही होतं. मी दोन वर्षं त्याच विद्यापीठात, पुलमनला शिकलो; तिथला संघ कूगर्स, तोच माझा संघ. या मोसमात त्यांचे तीन सामने झाले, तुमच्याकडे एकही दिसला नाही. १४ तारखेचा ॲपल कप, म्हणजे आमचे कट्टर प्रतिस्पर्धी वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्याशी होणारा सामना, तोसुद्धा नाही. अगदी शेवटी वॉशिंग्टनला गोलरेषेवर अडवून आम्ही तो २४-१९ असा जिंकला, आणि मी इथे मध्यरात्र उलटून गेल्यावर मोबाइलवर नुसते आकडे बदलताना पाहत होतो.

फोन केला तर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “ती लीग बंद पडली, सर. तुम्ही वॉशिंग्टन बघा, राज्य एकच आहे.” त्यांच्यावर माझा राग नाही, समोर लिहिलेलं त्यांनी वाचलं असेल. पण आमच्या कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये खंडोबा तालमीच्या माणसाला प्रतिस्पर्धी पाटाकडील तालमीचा झेंडा धरायला सांगावं, तसं झालं हे.

लीग बंद पडलेली नाही, दहा जण ती सोडून गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये बिग टेन, एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) आणि पॅक-१२ या तीन लीगनी एकजूट जाहीर केली होती, तीही सहीचा करार न करता. वर्ष भरायच्या आत, ३० जून २०२२ला, त्याच बिग टेनने पॅक-१२मधले लॉस एंजेलिसचे दोन संघ, यूएससी आणि यूसीएलए, नेले. पुढे तिला सात वर्षांचे, सात अब्ज डॉलरहून अधिक प्रक्षेपणाचे पैसे मिळाले. पॅक-१२ला तसं कुणी देईना. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच संघांनी पाठ फिरवली, त्यात वॉशिंग्टनही. पॅसिफिकच्या काठचे स्टॅनफर्ड आणि कॅल (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) अटलांटिकच्या लीगमध्ये, म्हणजे एसीसीत, गेले. १९१५ पासूनच्या घरात उरलो ओरेगन स्टेट आणि आम्ही. धुतल्या तांदळासारखे आम्हीही नाही. याच महिन्यात, १२ तारखेला, माउंटन वेस्ट या दुसऱ्या लीगचे चार संघ आमच्या लीगने २०२६ पासून आपल्याकडे ओढले. ज्यांनी हे सोसलं त्यांनी तेच दुसऱ्याला करावं, हे मला पटलेलं नाही.

हे सगळं मी पॅकेज घेतलं त्याच्या वर्षभर आधीच बहुतेक घडून गेलेलं होतं. आमच्या सामन्यांचे हक्क तुमच्याकडे नसतील, तर तो तुमचा व्यवहार. मग आमचं बोधचिन्ह लावून पैसे का घेतले?

पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत करावी आणि ती जाहिरात काढावी. ‘लीग बंद पडली’ हे उत्तरही प्रतिनिधींच्या कागदावरून खोडावं. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

आपला,
एक वर्गणीदार