पालापाचोळ्याचे वेगळे पैसे कशासाठी?

महोदय,

पानगळ सुरू झाली की आमच्या भागातल्या जुन्या सोसायट्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. घंटागाडी ओला-सुका कचरा घेते, पण पोत्यात भरलेली बदामाची पाने आणि नारळाच्या झावळ्या तिथेच ठेवून पुढे जाते. पालिकेची वेगळी गाडी बोलवायची तर फेरीमागे पैसे मोजायचे. बागेतला कचरा आवारात वेगळा साठवून पालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यावा, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. तेवढे आम्ही करतो, मालमत्ता करही भरतो. मग हा वरचा भुर्दंड का? ज्यांनी झाडे राखली त्यांनाच! सावली तर सगळ्या रस्त्याला मिळते.

पैसे वाचवायला काहीजण संध्याकाळी कोपऱ्यावर पाला पेटवतात. धूर थेट तळमजल्यावरच्या घरांत शिरतो, दम्याच्या रुग्णांचे हाल होतात. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच ठरवून दिला. इथे कोणाला तो झाल्याचे ऐकिवात नाही.

निदान पानगळीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा विनाशुल्क गाडी पाठवावी आणि तो पाला पालिकेच्याच उद्यानांत खतासाठी वापरावा.

– एक रहिवासी