महोत्सव नको, गोदाम दे

प्रिय दिनू,

तुझं पत्र मिळालं. तुमची कंपनी आपल्या गावात ‘सांस्कृतिक महोत्सव’ भरवायला पैसे देणार म्हणतोस. चांगलंच आहे बापा, पण आधी माझं ऐक.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत महोत्सवाची काय वानवा? धानाची कापणी आटोपत आली की भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा लागतात, मग शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, अन् रात्रभर नाटक. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पट बंद केले, त्यांना २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात, कोरोनाचे दिवस सोडले तर, वडशाच्या नाटक कंपन्या मात्र गावोगाव नाटकं करतच होत्या. २०२३ मध्ये आपले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना आपल्या रंगभूमीचा पत्ता लागला.

पुण्यात राहून तू एक विसरलास लेका. नाटक बसवतात कंपनीवाले, उभं करतं गाव. कंपनीशी ठेका ठरवायचा, नाटकासाठी धानाची बांधी साफ करायची, शामियाना, जनरेटर, तिकिटाची खिडकी, दारू पिऊन येणाऱ्याला गोडीत बाहेर न्यायचं. शिवाय घरोघरी पाहुणे. मंडईत सोयरिकी जुळतात, त्यामुळे कोणाच्या घरी किती माणसं मावतात, कोणाची चूल मोठी, कोणाची म्हातारी आजारी, हे गावच्या नाटक मंडळाच्या पोरांना तोंडपाठ असतं.

ते कामी आलं २०२०च्या ऑगस्टअखेर, वैनगंगेचा पूर आला तेव्हा. नाटकाची जाहिरात करत फिरणारा भोंग्याचा ऑटो खालच्या आळीत गेला. पोरांनी पाहुण्यांसारखीच घरं वाटून दिली. हे कुटुंब पाटलांकडे, ते मास्तरांकडे. शामियान्याच्या ताडपत्र्या शाळेमागे ताणल्या, पटाच्या जेवणाची मोठी गंजं, म्हणजे पातेली, बाहेर निघाली. कोणी कोणाला शिकवायची गरज पडली नाही. सरकारी मदत आली, पण नंतर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन गट त्या रात्री एकाच दोराला धरून होते. दुसऱ्या महिन्यात पुन्हा भांडले, ते सोड.

सगळं गोडगोड आहे असंही नाही. मंडळात एकही बाई नाही, अन् पूर आला तेव्हा शंभर माणसांचा भात बायांनीच शिजवला. धान रोवताना म्हणायची रोवणीची गाणी तर संपलीच समज; ठेक्याने रोवणाऱ्या टोळीला गायला वेळ कुठला? ही गाणी स्टेजवर म्हणून घेतली म्हणजे वाचली, असं मला तरी वाटत नाही.

म्हणून तुझ्या महोत्सवाची धास्ती वाटते. नागपूरहून इव्हेंटवाले येतील, खुर्च्या मांडतील, अन् आपली पोरं प्रेक्षक होऊन बसतील. दोन-तीन वर्षांनी कंपनीचा पैसा आटला की मांडव घालायची सवयही मोडलेली असेल.

पैसे द्यायचेच असतील तर मंडळाला उंचावर एक पक्कं गोदाम बांधून द्या. ताडपत्र्या, गंजं, दोर, जनरेटर, भोंगा तिथे राहील. बारा महिने कामाचं. किल्ली बायांच्या बचत गटाकडे ठेवा, ही माझी अट. तुझ्या साहेबांना फोटोसाठी फीत हवी असेल तर कापू देऊ, त्यात काय!

मंडईला येजो. फक्त भाऊबीजेला सकाळीच परतीची गाडी धरू नको, रात्रीचं नाटक पाहून जा. अन् वहिनींना आण, आई सारखी विचारते.

तुझा,
सुधाकर