वाटाघाटींत चागोसवासी कुठे होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंदी महासागरातील चागोस बेटे मॉरिशसकडे सोपवण्याच्या ब्रिटन-मॉरिशस कराराची चर्चा मी आवर्जून वाचतो. त्यांपैकी दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ, या महासागरातील चीनचा वावर, भारताचे हित यांवर भरभरून लिहिले जाते. ज्यांना तिथून हुसकावले, त्यांच्या वाट्याला मात्र जेमतेम एखादे वाक्य येते.

१९६५ साली लंडनमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी सुरू असताना ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्याकडून ही बेटे तोडून देण्यास होकार मिळवला. भरपाई ३० लाख पौंड. स्वातंत्र्यच टांगणीला लागलेला नेता नकार तरी कसा देणार? ही फारकत मॉरिशसच्या जनतेच्या मुक्त इच्छेने झाली नव्हती, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिलेच. मॉरिशसची बाजू न्याय्य होती आणि भारताने ती उचलून धरली, याचे समाधान आहे.

पण बेटांवरच्या माणसांना १९६५ मध्येही कुणी विचारले नाही. खोबऱ्याच्या मळ्यांत पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या सुमारे दीड-दोन हजार जणांना अमेरिकी तळासाठी १९७३ पर्यंत बेटे सोडायला लावली. बोटीत कोंबून त्यांना मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडले. त्यांची पाळीव कुत्रीसुद्धा मारून टाकली. हे वाचताना आजही संताप येतो.

मे २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झालेल्या कराराच्या वाटाघाटीही दोन सरकारांमध्येच झाल्या. तळासाठी ९९ वर्षांचा भाडेपट्टा, मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. विस्थापितांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. करारानुसार बाकीच्या बेटांवर वस्ती करायला मॉरिशस मोकळे असेल, पण दिएगो गार्सियावर मूळ रहिवाशांना पुन्हा घर करता येणार नाही. चागोसवासीयांतही एकमत नाही. काहींना हा करार हवा आहे, काहींना मॉरिशसची सत्ताच नको आहे. म्हणून तर त्यांना बोलणीत जागा हवी होती.

भारताने या कराराचे स्वागत केले आहे. मॉरिशसशी असलेला आपला जिव्हाळा पाहता, चागोसमधील पेरोस बान्होस आणि सालोमन बेटांवर कोण, कधी, कोणत्या सोयींनिशी परतणार हे चागोसवासीयांना विचारूनच ठरवा, असा आग्रह भारताने मॉरिशस सरकारकडे धरावा. आपल्या दैनिकानेही त्यांचे म्हणणे सविस्तर छापावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक, पुणे