आजीचं करायला तूच ये

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "तू एकटी किती करशील आई, हिला महिनाभर रजा टाकून पाठवतो." तुझा जीव तुटतो ते कळलं. पण सूनबाईला पाठवू नको. तू ये.

आजीला लकवा झाल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला सांगून जातं, सासूचं कर बाई, पुण्य लागंल. तुझ्या बाबांना विचारतात, यंदा सोयाबीन किती झालं? आई त्यांची, अन् उपदेश मला.

बचत गटाच्या बैठकीत वकीलबाईंनी २००७ चा कायदा समजावून सांगितला. म्हाताऱ्या आईबापाला सांभाळायची जबाबदारी त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सुनेचं नावच नाही. नातवाचं आहे.

आत्याचंही मला लागतं. २००५ पासून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाएवढाच हिस्सा, तरी भावाशी वाकडं नको म्हणून तिनं हक्कसोड करून दिलं. अन् आजी पडल्यावर सगळ्यात आधी परभणीहून तीच आली. आजीला तिकडं न्यायचं म्हटलं तर आजीच ऐकत नाही, लेकीच्या दारी राहायचं नाही म्हणते.

तू म्हणशील, बाईमाणसाचं गड्यानं कसं करायचं? आंघोळ, कपडे मी बघते. पण दर दोन तासाला कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचेवर जखमा होतात. तिला उठवून बसवायचं तर ताकद लागते. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेणारे गडी घरात असताना हे काम बायकांचंच कसं ठरलं, मला कळत नाही. बाबा आता रात्री दोनला उठून कूस बदलतात. आधी हात लावायला भ्यायचे, आता चादरीला सुरकुती राहिली तर तेच मला दाखवतात.

तुलाही जमंल. लुळ्या हाताला धरून कधी ओढायचं नाही, खांदा निखळतो. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना आधी चांगला. भरवताना ताठ बसवायचं, घास चांगल्या बाजूनं द्यायचा, गिळल्याशिवाय दुसरा नाही. पातळ पाण्यानं तिला ठसका लागतो, म्हणून ज्वारीची आंबील घट्टसर करते. तुझ्या हातून ती चार घास जास्त खाईल, अजून तुझंच नाव घेते.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीत बस. नखं काढून ये, तिची कातडी फार नाजूक झालीय. पहिले दोन दिवस मी सोबत राहीन, मग आठवडाभर माझ्या माहेरी जाणार आहे. माझी आईपण थकलीय, अन् दादा-वहिनीनं तिचं किती दिवस एकट्यानं करायचं?

तुझी,
आई